पंधरा हजारांत टेलीफोटो झूम: ७५-३०० घ्यावी की ५५-२५०?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे कॅनन ईओएस १५००डी हा कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स आहे. आपण खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहता. गावच्या तळ्यावरचे आणि शेताच्या बांधावरचे पक्षी टिपावेत आणि जमल्यास यात्रेतल्या कुस्त्यांचेही फोटो काढावेत, अशी आपली इच्छा आहे. खर्चाची मर्यादा पंधरा हजार रुपये आहे. बेळगावातील एका दुकानदाराने ‘तीनशेपर्यंत जाते आणि स्वस्तही आहे’ म्हणून ७५-३०० मिमीची लेन्स सुचवली, तर मित्राने वापरलेली ५५-२५० घ्या असे सांगितले. पन्नास मिमी कमी घेऊन पैसे मात्र तेवढेच किंवा थोडे जास्तच का मोजावेत, असे आपण विचारता.

शंका रास्त आहे, म्हणून उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर सांगतो. आपण ५५-२५० घ्यावी, तीही एसटीएम (फोकस झटपट आणि शांतपणे लावणारी मोटर) ही अक्षरे असलेली. वापरलेली असली तरी चालेल. ७५-३०० नवी कोरी मिळत असली तरी तिच्यावर स्वतःचे पैसे घालू नयेत. मी बेळगावात लग्नकार्यांच्या छायाचित्रणाचा व्यवसाय करतो आणि सवड मिळेल तेव्हा पक्ष्यांमागे फिरतो. या दोन्ही लेन्स मी स्वतः वापरलेल्या आहेत आणि शिकायला येणाऱ्या मुलांच्या हातातही पाहिलेल्या आहेत.

आपल्या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे, ते म्हणजे लेन्सवरचा मिमीचा आकडा जितका मोठा तितका फोटोत पक्षी मोठा. हे खोटे नाही, पण या आकड्यांमधला फरक प्रत्यक्षात किती पडतो ते एकदा हिशेब करून पाहावे. तळ्याकाठच्या वाळक्या फांदीवर बसणारा आपला नेहमीचा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण २८ सेंटिमीटर असतो. तो आपल्यापासून २० मीटरवर आहे असे समजू. २५० मिमीवर त्याची सेन्सरवरची (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवरची) प्रतिमा सुमारे साडेतीन मिलिमीटर लांबीची पडते. १५००डीचा सेन्सर १४.९ मिमी उंच आहे, म्हणजे पक्षी चौकटीच्या उंचीचा पाव भागही व्यापत नाही. तोच ३०० मिमीवर ४.२ मिमीचा होतो, म्हणजे पाव भागापेक्षा किंचित जास्त. फरक २० टक्क्यांचा आहे. हाच फरक २५० वरच भरून काढायचा असेल, तर आपल्याला वीसऐवजी साडेसोळा-सतरा मीटरवर यावे लागेल. बांधाच्या आडोशाने पाच-सहा पावले पुढे सरकणे एवढाच त्याचा अर्थ आहे.

त्या साडेतीन मिलिमीटरमध्ये आपल्या कॅमेऱ्याचे नऊशेहून अधिक पिक्सेल बसतात, कारण हा सेन्सर २४ मेगापिक्सेलचा आहे. पक्षी स्पष्ट आला असेल, तर कडा छाटून चार बाय सहा इंचांची चांगली प्रिंट निघते. तो हलला असेल किंवा लेन्सच पुसट असेल, तर तीनशे काय आणि चारशे काय, नुसता डाग मोठा होतो. म्हणून प्रश्न ‘किती मिमी’ असा न ठेवता ‘आपल्याकडच्या प्रकाशात, हातात धरून, कोणत्या लेन्सने पक्ष्याचा डोळा स्वच्छ येईल’ असा ठेवावा. असा प्रश्न ठेवला की निवड सोपी होते.

आता हात हलण्याचा मुद्दा घेऊ, कारण स्वस्त टेलीफोटोमध्ये सर्वांत जास्त फोटो याच कारणाने वाया जातात. १५००डीचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा (जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान असल्यामुळे २५० मिमीची लेन्स त्यावर ४०० मिमीसारखी दिसते. हात हलल्याचे दिसू नये म्हणून शटरचा वेग निदान १/४०० सेकंद असावा, हा जुना ठोकताळा आहे. जांबोटी-कणकुंबी भागातली पावसाळी सकाळ, झाडीखाली उजेड बेताचाच. अशा वेळी एफ/५.६ (लेन्सच्या छिद्राचा आकडा; तो लहान तितका प्रकाश जास्त) आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला प्रतिसाद देण्याची पातळी) ८०० ठेवले तर शटरचा वेग १/६० च्या आसपास मिळतो. १/४०० हवा असेल तर आयएसओ पाच हजारांच्या वर न्यावे लागते. या कॅमेऱ्याची नेहमीची मर्यादा ६४०० ची आहे आणि तिथे पिसांचा पोत दाण्यांमध्ये हरवून जातो.

५५-२५० एसटीएममध्ये हादरा आवरणारी यंत्रणा आहे, कॅननच्या भाषेत आयएस. ती साडेतीन स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) मदत करते असे कंपनी सांगते. माझ्या अनुभवात अडीच ते तीन स्टॉपांवर विसंबता येते. म्हणजे स्थिर बसलेल्या पक्ष्याचा फोटो १/६० ला, आयएसओ ८०० वर, तीन-चार वेळा बटण दाबून नक्की मिळवता येतो. ७५-३०० च्या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे दुकानदार आपल्याला दाखवत असलेल्या लेन्समध्ये, ही यंत्रणा नाही. आणखी एक लाभ वापरल्यावरच कळतो. आयएस चालू झाले की व्ह्यूफाइंडरमधले (डोळा लावून पाहायच्या खिडकीतले) चित्रही शांत होते, आणि त्यामुळे फोकसचा बिंदू पक्ष्याच्या डोक्यावर टिकवून धरणे जमते. नवशिक्याला याचा फायदा शटरच्या हिशेबाइतकाच होतो. मात्र आयएस फक्त आपला हात आवरते, पक्ष्याला थांबवत नाही. उडत्या बगळ्यासाठी १/१००० किंवा त्याहून अधिक वेग लागतोच, आणि त्यासाठी ऊनही हवे.

दुसरा मुद्दा काचेच्या दर्जाचा. ७५-३०० मध्ये ७५ ते २०० पर्यंतचे काम ठीक असते, पण ज्या ३०० साठी आपण ती घेणार, त्याच टोकाला ती सर्वांत पुसट पडते. गडद पाण्यापुढे उभा असलेला पांढरा बगळा टिपला, तर त्याच्या कडेने जांभळी रेघ स्पष्ट दिसते. एफ/८ वर आणले की सुधारणा होते, पण एक स्टॉप प्रकाश जातो, आणि आयएस नसताना तेवढा प्रकाश सोडणे परवडत नाही. तिसरे म्हणजे ती दीड मीटरपेक्षा जवळच्या वस्तूवर फोकस करत नाही, तर ५५-२५० एसटीएम ८५ सेंटिमीटरपर्यंत येते. श्रावणात बांधावर चतुर आणि फुलपाखरे पुष्कळ असतात, तिथे हा फरक फार मोलाचा ठरतो. वजनही सुमारे ३७५ ग्रॅम, म्हणजे ७५-३०० पेक्षा शंभरेक ग्रॅम कमी.

एवढे सांगूनही परिस्थितीप्रमाणे काही गोष्टी बदलतात, त्या मान्य केल्या पाहिजेत. ७५-३०० आपल्याकडे कॅमेऱ्याच्या संचातच आली असती, तर ती विकू नका, ट्रायपॉडवर लावून भर उन्हात वापरा, असेच मी सांगितले असते. ‘७५-३०० म्हणजे वाईट’ असा नियमही नाही. १९९५ साली कॅननने हादरा आवरणारी पहिली एसएलआर लेन्स आणली, ती ७५-३०० चीच एक आवृत्ती होती. तेव्हा लेन्सच्या कड्यावरची अक्षरे नीट वाचावीत. ५५-२५० चेही तीन प्रकार बाजारात फिरतात: २००७ ची पहिली, २०११ ची दुसरी आणि २०१३ ची एसटीएम. तिन्हींत आयएस आहे, पण पहिल्या दोन्हींचा फोकस सावकाश आणि आवाज करत लागतो, शिवाय चित्राची धारही एसटीएमइतकी नाही. विकणारा ‘सगळ्या सारख्याच’ म्हणाला, तरी पुढच्या कड्यावर एसटीएम लिहिलेले दिसल्याशिवाय एसटीएमचा भाव देऊ नये.

निकॉनचा कॅमेरा असलेल्यांसाठी दोन वाक्ये. तिकडे एएफ-पी डीएक्स ७०-३०० ही हलकी आणि चांगली लेन्स आहे, पण ती व्हीआर (निकॉनच्या भाषेत आयएस) असलेली आणि नसलेली अशा दोन रूपांत येते आणि व्हीआर असलेलीच घ्यावी. डी३१०० किंवा डी५१०० यांसारख्या जुन्या बॉडीवर एएफ-पी लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही, म्हणून स्वतःच्या बॉडीवर लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कुस्त्यांबाबत मात्र मला आपली थोडी निराशा करावी लागेल. दुपारी उघड्या मैदानात कुस्त्या असतील तर ५५-२५० उत्तम काम करेल. १/८०० चा वेग सहज मिळेल आणि लाल मातीचा रंगही छान उतरेल. पण आपल्याकडे मोठ्या जोड्या लागतात तोवर सूर्य कललेला असतो आणि पुढचे सगळे दिव्यांच्या उजेडात चालते. तिथे एफ/५.६ ची कोणतीही लेन्स कमी पडते, मग ती कितीही मिमीची असो. डाव पडतो त्या क्षणी १/५०० लागतो आणि कॅमेरा आयएसओ ६४०० वरही काळपट चित्र देतो. त्यासाठी टेलीफोटोच्या आशेवर राहू नये. कॅननची ५० मिमी एफ/१.८ ही छोटी लेन्स त्याच एफ/५.६ च्या तुलनेत नऊ-दहा पट प्रकाश आत घेते. पंचांची परवानगी काढून आखाड्याच्या कडेला मातीजवळ बसता आले, तर ५० मिमीनेच खरे फोटो मिळतात. ती आज घ्यावी असे नाही. आधी एखाद्या स्टुडिओवाल्याकडून एका दिवसासाठी भाड्याने आणून पाहावी.

पक्ष्यांच्या बाबतीतही २५० ची मर्यादा समजून घ्यावी. हिडकल धरणाच्या पसरलेल्या पाण्यात शंभर मीटरवर बदके बसली असतील, तर ती २५० मध्येही ठिपकेच राहतील आणि ३०० मध्येही. हिवाळ्यात गदग जिल्ह्यातल्या मागडीच्या तलावावर पट्टकादंब हंसांचे थवे उतरतात. तो पक्षी चांगला पाऊण मीटर लांबीचा आहे, पण शंभर मीटरवरून तो २५० मिमीवर चौकटीच्या उंचीचा जेमतेम आठवा भाग घेतो. तिथे एकेका पक्ष्याचा हट्ट सोडून पाण्यावरून उठणारा सबंध थवा टिपावा, त्याला ही लेन्स पुरून उरते. उन्हाळ्यात, विशेषतः मार्च ते मे, सकाळी दहानंतर तापलेल्या शेतावरची हवा थरथरते आणि लांबचे काहीही स्पष्ट येत नाही. याला लाखाची लेन्सही उपाय नाही. फोटो पुसट आला म्हणून लेन्सला दोष देण्यापूर्वी वेळ कोणती होती ते पाहावे.

आता वापरलेली लेन्स कशी पारखावी ते सविस्तर सांगतो, कारण आपल्या रकमेत नवी एसटीएम बसणे अवघड आहे, वापरलेली मात्र शोधल्यास बसते. स्वतःचा कॅमेरा, चार्ज केलेली बॅटरी आणि रिकामे कार्ड घेऊनच जावे. आधी लेन्स उलटी धरून मागच्या बाजूने मोबाइलची टॉर्च आत पाडावी आणि पुढून तिरपे पाहावे. धुळीचे एक-दोन कण दिसले तर सोडून द्यावेत, फोटोत ते दिसत नाहीत. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, फांद्या फुटलेले धागे दिसले, किंवा काचेवर धुरकट थर दिसला, तर ती बुरशी आहे. आपल्या भागातला पाऊस आणि बंद कपाटे यांमुळे हा दोष इथल्या जुन्या लेन्समध्ये फार आढळतो. साफ करून देतो असे विकणाऱ्याने सांगितले तरी घेऊ नये.

मग लेन्स कॅमेऱ्याला लावून बटण अर्धे दाबावे. आत हलका गुणगुणणारा आवाज येऊन व्ह्यूफाइंडरमधले चित्र स्थिरावले पाहिजे. लेन्सवरचे आयएसचे बटण बंद-चालू करून फरक डोळ्यांनी पाहावा. त्यानंतर दुकानाबाहेर येऊन समोरच्या रस्त्यापलीकडच्या पाटीचे २५० मिमीवर, एफ/५.६ आणि एफ/८ ला, पाच-सहा फोटो काढावेत आणि ते पूर्ण मोठे करून चारही कोपरे पाहावेत. एक बाजू नेहमीच पुसट येत असेल, तर लेन्स पडलेली असण्याची शक्यता आहे. पुढे एफ/१६ वर काही फोटो काढावेत. फोटोंचा उजेड एफ/५.६ च्या फोटोंसारखाच यायला हवा. तो कमी-जास्त होत असेल किंवा पडद्यावर ‘एरर ०१’ येत असेल, तर लेन्स आणि कॅमेरा यांचे संपर्कबिंदू स्वच्छ पुसून पुन्हा पाहावे. तरीही तेच झाले तर लेन्स परत करावी.

दोन गोष्टींनी मात्र घाबरू नये. या लेन्सचे कॅमेऱ्याला बसणारे कडे प्लास्टिकचे आहे, ते कारखान्यातूनच तसे येते, कोणी बदललेले नसते. आणि एसटीएम लेन्सचे फोकसचे कडे विजेवर चालते, त्यामुळे कॅमेरा बंद असताना ते फिरवले तर काहीच होत नाही. मुले याला बिघाड समजून चांगली लेन्स परत ठेवून येतात. पूर्ण लांब केल्यावर नळी किंचित डुलते, तेही चालते. झूमचे कडे मध्येच अडकते का, एवढे तपासावे. पावती घ्यावी आणि तिच्यावर लेन्सचा क्रमांक लिहून घ्यावा.

लेन्स घरी आल्यावर तिचा खरा शत्रू आपला पावसाळा आहे. हवाबंद झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलची पाकिटे आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र, एवढे पुरते. आतला आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहावा. सिलिका जेलचे खडे रंग बदलू लागले की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. कॅमेऱ्याच्या बॅगेत लेन्स ठेवून बॅग महिनोन्‌महिने कपाटात, हे मात्र करू नये.

वापरताना कॅमेऱ्याचा मधला फोकसबिंदूच निवडावा. १५००डीच्या नऊ बिंदूंपैकी तोच सर्वांत भरवशाचा आहे, कमी उजेडात बाकीचे चाचपडतात. पडद्यावर बघून फोटो काढण्याऐवजी व्ह्यूफाइंडरला डोळा लावावा, फोकस वेगाने लागतो आणि कॅमेरा कपाळाला टेकल्याने हातही स्थिर राहतो. खंड्या आणि धीवर ठरलेल्या जागीच पुन्हा पुन्हा येऊन बसतात. तो उडून गेल्यावर आपण त्याच्या फांदीपासून दहा-बारा मीटरवर, सूर्य पाठीशी घेऊन, झुडपाला टेकून बसावे आणि वाट पाहावी. दहा मीटरवर त्याची प्रतिमा आधीच्या हिशेबाच्या दुप्पट होते, म्हणजे ५०० मिमीची लेन्स घेऊन वीस मीटरवर उभे राहिल्यासारखे. घरट्याच्या बाबतीत मात्र हे अंतर कमी करू नये, विणीच्या काळात घरट्याजवळ जाऊच नये. आणि भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नये.

शेवटी आपण विचारलेली छोटी गोष्ट: दुकानदार लेन्ससोबत फुकट यूव्ही फिल्टर आणि पुढे लावायचा ‘दुप्पट’ करणारा टेली-अडॅप्टर देतो आहे, तो घ्यावा का. अडॅप्टर नक्कीच नको, तो चित्राची सगळी धार घालवतो. साधा फिल्टरही लांब टोकाला चित्र मऊ करतो आणि समोरून ऊन आले की चित्रात प्रकाशाचे नको ते ठिपके उमटतात. त्याऐवजी लेन्सचा हूड (पुढे लावायची नळीसारखी झडप) मागावा. तो या लेन्सबरोबर येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, आणि तो काचेला धक्का व तिरपे ऊन या दोन्हींपासून वाचवतो. पैसे उरलेच तर ट्रायपॉडची घाई करू नये. जाड कापडाची वीतभर पिशवी शिवून तिच्यात ज्वारी भरावी आणि ती बांधावर किंवा दगडावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. पिशवीवर लेन्स थोडी हलतेच, म्हणून आयएस चालूच ठेवावे. घट्ट ट्रायपॉडवर लावाल तेव्हा मात्र ते बंद करावे.